अमेरिकेत तिसऱ्या पक्षाला दिलेलं मत नेमकं कुठे जातं?

७ नोव्हेंबर २००० रोजी अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यात राष्ट्राध्यक्षपदासाठी सुमारे ६० लाख लोकांनी मतदान केलं. महिनाभर चाललेली फेरमोजणी, कोर्टकचेऱ्या आणि शेवटी सुप्रीम कोर्टाचा ५ विरुद्ध ४ असा निकाल, एवढं सगळं झाल्यावर रिपब्लिकन उमेदवार जॉर्ज डब्ल्यू. बुश तिथून ५३७ मतांनी जिंकले. त्याच राज्यात ग्रीन पार्टीचे उमेदवार राल्फ नेडर यांना ९७,४८८ मतं पडली होती.

या दोन आकड्यांवरून सुरू झालेलं भांडण आज २५ वर्षं उलटली तरी मिटलेलं नाही. डेमोक्रॅटिक पक्षाच्या अनेक समर्थकांच्या मते नेडर यांनी अल गोर यांची मतं खाल्ली आणि त्यामुळे बुश व्हाईट हाऊसमध्ये गेले. नेडर यांचं म्हणणं साधं होतं. मतं कुणाच्या मालकीची नसतात, ती मिळवावी लागतात.

दोन्ही मोठ्या पक्षांवर नाराज असलेल्या अमेरिकन मतदारासमोर दर चार वर्षांनी हाच पेच उभा राहतो. नाराजी दाखवण्यासाठी तिसऱ्याला मत द्यायचं, की जो जास्त नकोसा आहे त्याला रोखण्यासाठी कमी नकोशा उमेदवाराला?

आधी हे गणित समजून घेऊ

अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष देशभरातल्या एकूण मतांवर निवडला जात नाही. प्रत्येक राज्याच्या वाट्याला ठरावीक इलेक्टोरल मतं येतात. एकूण मतं ५३८ आणि जिंकण्यासाठी २७० लागतात. मेन आणि नेब्रास्का ही दोन राज्यं सोडली, तर बाकी सगळीकडे ज्याला सर्वाधिक मतं मिळतील त्याला राज्याची सगळीच्या सगळी इलेक्टोरल मतं मिळतात. दुसऱ्या क्रमांकावरच्या उमेदवाराला ४९ टक्के मतं असोत नाही तर ९, हाती शून्यच लागतं.

म्हणूनच १९९२ मध्ये टेक्सासचे अब्जाधीश रॉस पेरो यांना देशभरात १ कोटी ९७ लाख, म्हणजे जवळपास १९ टक्के मतं मिळूनही एकही इलेक्टोरल मत मिळालं नाही. दर पाच मतदारांमागे जवळपास एक जण त्यांच्या बाजूने उभा राहिला आणि अंतिम हिशेबात त्यांच्या नावापुढे भोपळा. उलट १९६८ मध्ये जॉर्ज वॉलेस यांना साडेतेरा टक्केच मतं होती. पण वर्णभेदाचं समर्थन करणारा त्यांचा मतदार दक्षिणेत एकवटलेला होता. त्यामुळे त्यांनी पाच राज्यं आणि ४६ इलेक्टोरल मतं जिंकली. त्यानंतर आजवर तिसऱ्या कुणालाही एकही राज्य जिंकता आलेलं नाही.

फ्रेंच राज्यशास्त्रज्ञ मॉरिस द्यूव्हर्जे यांनी १९५० च्या दशकात मांडलं होतं की, जिथे एका जागेसाठी सर्वाधिक मतं मिळवणारा जिंकतो, तिथे हळूहळू दोनच पक्ष उरतात. मतदार आपलं मत वाया जाऊ नये म्हणून पहिल्या दोनकडे सरकतात आणि ते सरकतात म्हणून तिसरा आणखी खाली जातो. हा नियम काही दगडावरची रेघ नाही. भारतातही जिंकण्याची पद्धत हीच आहे, पण इथे पक्षांची संख्या मोजता मोजता दमायला होतं. अमेरिकेत मात्र देशपातळीवर हा नियम जवळपास तंतोतंत लागू पडतो.

त्यात भर म्हणून इतर अडथळे आहेतच. मतपत्रिकेवर नाव येण्याचे नियम प्रत्येक राज्याचे वेगळे असतात. हजारो सह्या गोळा कराव्या लागतात आणि मग त्या सह्यांना कोर्टात आव्हान दिलं जातं. २००० पासून राष्ट्राध्यक्षपदाच्या वादचर्चेत उभं राहायचं तर जनमत चाचण्यांमध्ये १५ टक्के पाठिंबा असण्याची अट घालण्यात आली. त्या वर्षी बोस्टनमधल्या पहिल्या वादचर्चेच्या वेळी नेडर यांना मंचावर जागा नव्हतीच. पण शेजारच्या सभागृहात बसून चर्चा पाहण्याचं तिकीट हातात असतानाही त्यांना दारातून परत पाठवलं गेलं.

नेडर यांच्यामुळे गोर खरंच हरले का?

नेडर हे काही हौशी उमेदवार नव्हते. मोटार कंपन्या सुरक्षिततेकडे कसं दुर्लक्ष करतात हे १९६५ मध्ये पुस्तक लिहून चव्हाट्यावर आणणारा हा वकील. पुढच्याच वर्षी अमेरिकेत वाहन सुरक्षेचा कायदा झाला, त्यामागे त्यांच्या मोहिमेचा मोठा हात होता. २००० मध्ये त्यांचा मुद्दा असा होता की, बड्या कंपन्यांच्या पैशावर चालण्याच्या बाबतीत दोन्ही पक्षांत फारसा फरक उरलेला नाही. जिंकणं हे त्यांचं ध्येय नव्हतंच. देशभरात ५ टक्के मतं मिळाली असती, तर पुढच्या निवडणुकीत ग्रीन पार्टीला सरकारी निधी मिळाला असता. प्रत्यक्षात मिळाली २.७ टक्के.

आता फ्लोरिडाकडे वळू. 'नेडरना पडलेली सगळी मतं गोरना गेली असती' हे विधान सर्रास केलं जातं आणि ते चुकीचं आहे. त्यांच्या मतदारांपैकी बरेच जण नेडर नसते तर घरीच बसले असते आणि काही जण चक्क बुशकडे गेले असते. मायकल हेरॉन आणि जेफ्री लुईस या अभ्यासकांनी फ्लोरिडातल्या प्रत्यक्ष मतपत्रिका तपासून २००७ मध्ये जो अंदाज मांडला, त्यानुसार नेडर यांच्या मतदारांपैकी साधारण ६० टक्केच गोर यांच्याकडे झुकणारे होते. म्हणजे नेडरचा मतदार हा नाराज डेमोक्रॅटच असतो, हा समज काही खरा नाही.

पण फरक केवळ ५३७ मतांचा होता. मतदानाला आलेल्या नेडर-मतदारांपैकी दर १०० मध्ये ५१ गोरकडे आणि ४९ बुशकडे गेले असते, तरी गोर जवळपास चौदाशे मतांनी पुढे गेले असते. फ्लोरिडाची २५ इलेक्टोरल मतं मिळाली असती तर ते राष्ट्राध्यक्ष झाले असते. त्यामुळे 'नेडर उभे नसते तर गोर जिंकले असते' हे विधान बऱ्यापैकी खरं मानावं लागतं.

तरीही एवढ्यावर थांबणं सोयीचं असलं तरी अपुरं आहे. फ्लोरिडात त्या वर्षी सोशलिस्ट वर्कर्स पार्टीच्या जेम्स हॅरिस यांना ५६२ मतं मिळाली. तीही ५३७ पेक्षा जास्तच. त्यांचं नाव आज कुणी घेत नाही. पाम बीच काउंटीत दोन्ही पानांवर नावं आणि मधोमध भोकं अशा गोंधळात टाकणाऱ्या मतपत्रिकेमुळे गोरना द्यायची मतं पॅट ब्युकॅनन यांना गेल्याचं अभ्यासक सांगतात. ब्युकॅनन यांना त्या एका काउंटीत ३,४०७ मतं पडली होती. शिवाय गोर स्वतःचं राज्य टेनेसी हरले. तिथली ११ इलेक्टोरल मतं मिळाली असती तर फ्लोरिडाची गरजच पडली नसती.

इतक्या कमी फरकाच्या निकालात प्रत्येक कारण हे निर्णायक कारण असतं. त्यातलं कुठलं उचलून धरायचं, हे बहुतेक वेळा उचलणाऱ्याच्या रागावर ठरतं.

हा राग मतदारांपर्यंत पोहोचला, हे मात्र नक्की. २००० मध्ये २८ लाख ८० हजारांहून अधिक मतं मिळवणारे नेडर २००४ मध्ये पुन्हा उभे राहिले, तेव्हा त्यांना जेमतेम ४ लाख ६५ हजार मतं मिळाली. नाव तेच, मुद्दे बहुतांश तेच. मधल्या काळात इराकचं युद्ध झालं होतं.

विरोधकच जाहिराती देतात तेव्हा

मतं खाणाऱ्या उमेदवाराला बळ कोण पुरवतं, हा प्रश्न महाराष्ट्रातल्या वाचकांना नवा नाही. 'हा कुणाची बी टीम?' ही चर्चा आपल्याकडे प्रत्येक निवडणुकीत होते. २०१९ च्या लोकसभा निवडणुकीत नांदेडमधून अशोक चव्हाण सुमारे ४० हजार मतांनी हरले आणि वंचित बहुजन आघाडीच्या उमेदवाराला तिथे १ लाख ६६ हजार मतं होती. तेव्हा जो वाद झाला, तो अमेरिकेतल्या वादापेक्षा फार वेगळा नव्हता.

अमेरिकेत हे अगदी उघडपणे चालतं. ऑक्टोबर २००० मध्ये रिपब्लिकन समर्थकांच्या एका गटाने काही राज्यांत टीव्हीवर जाहिराती दिल्या. त्यात नेडर गोर यांच्यावर टीका करताना दिसत होते. दुसरीकडे डेमोक्रॅटिक पक्षाने २००४ मध्ये नेडर यांचं नाव मतपत्रिकेवर येऊ नये म्हणून राज्याराज्यांत खटले लढवले. जे मत 'वाया जाणार' म्हणतात, ते रोखण्यासाठी आणि वाढवण्यासाठी दोन्ही पक्ष एवढा पैसा ओततात, हीच त्यातली गंमत.

यावर काही मतदारांनी भन्नाट तोडगा काढला होता. चुरशीच्या राज्यातल्या नेडर समर्थकाने गोरना मत द्यायचं आणि त्या बदल्यात गोर हमखास जिंकणार असलेल्या राज्यातल्या गोर समर्थकाने नेडरना. म्हणजे नेडरचं एकही मत कमी होणार नाही आणि बुशना फायदाही नाही. यासाठी वेबसाइट निघाल्या. कॅलिफोर्नियाच्या निवडणूक अधिकाऱ्याने एका वेबसाइटला कारवाईचा इशारा दिल्यावर त्यातल्या काही बंद झाल्या. २००७ मध्ये फेडरल अपील कोर्टाने अशी अदलाबदल हा अभिव्यक्ती स्वातंत्र्याचा भाग असल्याचा निर्णय दिला. तोपर्यंत बुश यांची दुसरी टर्म निम्म्याहून अधिक उलटली होती.

१८० वर्षांपूर्वीचं एक पत्र

या वादातलं सगळ्यात जुनं आणि सगळ्यात अवघड उदाहरण १८४४ चं आहे.

त्या वर्षी व्हिग पक्षाचे हेन्री क्ले आणि डेमोक्रॅटिक पक्षाचे जेम्स पोक यांच्यात लढत होती. दोघंही गुलाम बाळगणारे. फरक होता तो टेक्सासच्या प्रश्नावर. पोक यांना टेक्सास अमेरिकेत हवा होता आणि तसं झालं तर गुलामगिरीचा प्रदेश वाढणार हे उघड होतं. क्ले या विलीनीकरणाबाबत साशंक होते, पण प्रचारादरम्यान त्यांची भूमिका डळमळीत होत गेली.

गुलामगिरी संपवण्याची मागणी करणाऱ्या लिबर्टी पार्टीने जेम्स बर्नी यांना उभं केलं. बर्नी स्वतः एके काळी गुलामांचे मालक होते, नंतर त्यांनी त्यांना मुक्त केलं. न्यूयॉर्क राज्यात पोक ५,१०६ मतांनी जिंकले. तिथे बर्नी यांना १५,८१२ मतं मिळाली होती. न्यूयॉर्कची ३६ इलेक्टोरल मतं क्लेंकडे गेली असती, तर तेच राष्ट्राध्यक्ष झाले असते. १८४५ संपता संपता टेक्सास गुलामगिरीला मुभा असलेलं राज्य म्हणून अमेरिकेत आलं आणि पुढच्या वर्षी मेक्सिकोशी युद्ध सुरू झालं.

गुलामगिरीच्या विरोधात दिलेल्या मतांनी गुलामगिरीचा प्रदेश वाढवला, असा आरोप झाला. ऑक्टोबर १८४५ मध्ये इलिनॉयमधल्या एका ३६ वर्षांच्या वकिलाने एका ओळखीच्या गृहस्थाला पत्र लिहून नेमकं हेच म्हटलं. न्यूयॉर्कमधल्या गुलामगिरीविरोधी व्हिग मतदारांनी क्लेंना साथ दिली असती, तर टेक्सासचं विलीनीकरण टळलं असतं, असा त्याचा मुद्दा होता. वाईटातून चांगलं निघत असलं, तरी वाईटाला हात लावायचा नाही, ही त्या मतदारांची भूमिका त्याला पटत नव्हती. त्या वकिलाचं नाव अब्राहम लिंकन.

पुढे काय झालं? लिबर्टी पार्टीतले बरेच लोक १८४८ मध्ये फ्री सॉइल पार्टीत गेले. त्या पक्षाने माजी राष्ट्राध्यक्ष मार्टिन व्हॅन ब्युरेन यांना उभं करून १० टक्के मतं घेतली. १८५४ मध्ये या मंडळींचा आणि मोडकळीस आलेल्या व्हिग पक्षातल्या लोकांचा मिळून रिपब्लिकन पक्ष तयार झाला. १८६० मध्ये चौरंगी लढतीत ४० टक्क्यांपेक्षा कमी मतांवर या नव्या पक्षाचा उमेदवार राष्ट्राध्यक्ष झाला. तो उमेदवार म्हणजे तेच लिंकन.

आता १८४४ च्या त्या १५,८१२ मतांना वाया गेलेली म्हणायचं का? १८४५ मध्ये हिशेब मांडला तर एक उत्तर येतं, १८६० मध्ये मांडला तर दुसरं. पण मधल्या १५ वर्षांत जे माणूस म्हणून विकले जात होते, त्यांना या हिशेबात कुणी विचारलं नव्हतं. तिसऱ्या पक्षाच्या बाजूने बोलणारे आणि विरोधात बोलणारे, दोघंही ही गोष्ट सहसा वगळतात.

पराभवातूनही काही मिळतं का?

कधी कधी मिळतं. पेरो १९९२ मध्ये देशाच्या वाढत्या कर्जावर बोलत राहिले. टीव्हीवर अर्ध्या अर्ध्या तासाच्या वेळा विकत घेऊन ते तक्ते दाखवायचे. एवढे मतदार या विषयावर मत देतात म्हटल्यावर दोन्ही पक्षांना वित्तीय तूट गांभीर्याने घ्यावी लागली आणि १९९८ मध्ये अमेरिकेचं बजेट शिलकीत आलं. अर्थात, त्यात वधारलेल्या अर्थव्यवस्थेचाही मोठा वाटा होता.

पण यासाठी मुद्दा ठळक हवा आणि मतदार मोठा हवा. २०१६ मध्ये लिबर्टेरियन पार्टीचे गॅरी जॉन्सन यांना सुमारे ४५ लाख मतं मिळाली. ती नेमकी कशासाठी होती, हे सांगणं कठीण आहे. त्यातली बरीचशी 'ट्रम्पही नको, क्लिंटनही नको' एवढंच सांगणारी होती.

असंच सांगण्यासाठी नेवाडा राज्यात १९७० च्या दशकापासून मतपत्रिकेवर 'यापैकी कुणीही नाही' असा पर्याय आहे. आपल्याकडे नोटा आला तो २०१३ मध्ये. फेब्रुवारी २०२४ मध्ये नेवाडातल्या रिपब्लिकन प्राथमिक निवडणुकीत ट्रम्प यांचं नाव नव्हतं, तर मतदारांनी निकी हेली यांच्यापेक्षा दुपटीने जास्त मतं 'कुणीही नाही'ला दिली. नोटाप्रमाणेच तिथेही हा पर्याय पहिला आला, तरी विजयी ठरतो तो माणूसच.

डिअरबॉर्नचा निर्णय

मिशिगन राज्यातलं डिअरबॉर्न हे अरब वंशाच्या लोकांचं मोठं प्रमाण असलेलं शहर. २०२० मध्ये इथे जो बायडन यांना मोठी आघाडी होती. गाझातलं युद्ध सुरू झालं, अमेरिकेची शस्त्रं इस्रायलला जात राहिली आणि इथल्या अनेक घरांसाठी हा परराष्ट्र धोरणाचा विषय राहिला नाही. ज्यांचे नातेवाईक बॉम्बहल्ल्यांखाली होते, त्यांना 'दुसरा आणखी वाईट आहे' हे ऐकवलं जात होतं.

फेब्रुवारी २०२४ मध्ये मिशिगनच्या डेमोक्रॅटिक प्राथमिक निवडणुकीत १ लाखाहून अधिक लोकांनी 'अनकमिटेड', म्हणजे कुणालाच बांधील नाही, या पर्यायाला मत दिलं. हे मत इशाऱ्याचं होतं. नोव्हेंबरला अजून आठ महिने होते आणि पक्षाला धोरण बदलायला वेळ होता. धोरण फारसं बदललं नाही. सप्टेंबरमध्ये या मोहिमेच्या नेत्यांनी कमला हॅरिस यांना पाठिंबा द्यायला नकार दिला. मात्र ट्रम्प यांना विरोध करा आणि तिसऱ्या पक्षालाही मत देऊ नका, कारण त्याने ट्रम्प यांचाच फायदा होईल, असंही सांगितलं. नाराज माणसाची कोंडी कशी होते, हे या एका निवेदनातून कळतं.

डिअरबॉर्नमध्ये निकाल लागला तो असा: ट्रम्प सुमारे ४२ टक्के, हॅरिस ३६ टक्के आणि ग्रीन पार्टीच्या जिल स्टाइन १८ टक्के.

स्टाइन यांच्यामुळे हॅरिस मिशिगन हरल्या, असं मात्र म्हणता येत नाही. ट्रम्प यांची राज्यातली आघाडी सुमारे ८० हजारांची होती आणि स्टाइन यांना राज्यभरात मिळालेली मतं ४५ हजारांच्या आत होती. मिशिगन मिळालं असतं, तरी हॅरिस देशात हरल्याच असत्या. २०१६ चं चित्र वेगळं होतं. तेव्हा मिशिगन, विस्कॉन्सिन आणि पेनसिल्व्हेनिया या तिन्ही राज्यांत स्टाइन यांची मतं ट्रम्प यांच्या आघाडीपेक्षा जास्त होती.

फेब्रुवारी २०२५ मध्ये ट्रम्प यांनी अमेरिका गाझा ताब्यात घेईल आणि तिथल्या लोकांना दुसरीकडे हलवलं जाईल, अशी कल्पना मांडली, तेव्हा सोशल मीडियावर डिअरबॉर्नच्या मतदारांना टोमणे मारणाऱ्यांची रांग लागली. ज्यांच्या हातात शस्त्रांचा पुरवठा थांबवणं होतं, त्यांच्या वाट्याला त्या मानाने कमी टोमणे आले.

यातून सुटका आहे का?

एक मार्ग न्यूयॉर्कमध्ये आहे. तिथे छोटा पक्ष मोठ्या पक्षाचाच उमेदवार आपल्या चिन्हाखाली उभा करू शकतो. मतदार वर्किंग फॅमिलीज पार्टीच्या रकान्यात खूण करून डेमोक्रॅटिक उमेदवारालाच मत देतो. मत वाया जात नाही आणि ते कुठून आलं हेही उमेदवाराला कळतं.

दुसरा मार्ग पसंतीक्रमाचा. मतदार उमेदवारांना १, २, ३ असे क्रमांक देतो. कुणालाच निम्म्याहून जास्त मतं नसतील, तर शेवटचा उमेदवार बाद होतो आणि त्याची मतं पुढच्या पसंतीला जातात. आपल्याकडे विधान परिषदेच्या निवडणुकीत पसंतीक्रमाची मतं असतात, साधारण तसंच. मेन राज्यात २०१० मध्ये पॉल लपाज ३८ टक्क्यांहून कमी मतांवर गव्हर्नर झाले, कारण विरोधातली मतं अपक्ष आणि डेमोक्रॅट यांच्यात फुटली. त्यानंतर तिथे या पद्धतीची मागणी वाढली आणि २०१६ च्या सार्वमतात ती मंजूर झाली. २०१८ मध्ये तिथल्या दुसऱ्या मतदारसंघात रिपब्लिकन ब्रूस पॉलिक्विन पहिल्या फेरीत पुढे होते. अपक्षांची मतं पुढच्या पसंतीला गेल्यावर डेमोक्रॅट जॅरेड गोल्डन निवडून आले. पॉलिक्विन कोर्टात गेले आणि हरले.

मात्र ही लाट फार पसरलेली नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये कोलोरॅडो, आयडाहो, नेवाडा आणि ओरेगनच्या मतदारांनी पसंतीक्रमाचे प्रस्ताव फेटाळले. मिझुरीने तर त्यावर बंदी घातली. अलास्कात ही पद्धत आधीपासून होती आणि ती रद्द करण्यासाठी सार्वमत घेण्यात आलं. ३ लाखांहून अधिक लोकांनी मत दिलं, फेरमोजणी झाली आणि हजारापेक्षाही कमी मतांच्या फरकाने ती टिकली.